सुगीनंतर बघू

ग्लेनिस नोस्के चालत्या बसमध्ये कधीही ओरडली नाही. राग आला की ती आधी डावा इंडिकेटर द्यायची, बस रस्त्याच्या कडेला घ्यायची, हँडब्रेक ओढायची आणि मग मागे वळायची. त्यामुळे जिथे ना फाटक ना थांबा, अशा जागी बस उभी राहिली की चार नंबरच्या बसमधल्या पोरांना कळायचं, आज कोणाचं तरी काही खरं नाही. चौतीस वर्षं तिने ही बस चालवली. शेवटची बारा वर्षं ती आठवड्यातून एक दिवस आमच्या यारिपच्या शाळेत, मुलांना पुढे काय करायचं ते सांगणारी बाईही होती. एकच दिवस, कारण वरच्यांना तेवढाच परवडत होता. अशा बाईला या गावाने एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं. मी हे शांतपणे लिहायला बसले होते, पण ते जमेल असं वाटत नाही.

मी इथली औषधवाली. मूळची कऱ्हाडची, लग्नानंतर ऑस्ट्रेलियातल्या या गव्हाच्या गावात आलेली. येऊन सत्तावीस वर्षं झाली, म्हणजे इथल्या हिशेबाने नवीनच. ज्याचे आजोबा इथल्या दफनभूमीत नाहीत त्याला गावचा म्हणायची पद्धत नाही. माझं नाव शुभदा, पण तीन अक्षरं यांच्या जिभेला जड होतात, म्हणून सगळा गाव मला 'शू' म्हणतो. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

शाळेत शिरलं की उजव्या भिंतीवर एक लाकडी फलक आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत, शहरातल्या विद्यापीठांत गेलेल्या मुलांची नावं आहेत. माझ्या मुलाचं, मिहिरचंही आहे, आणि पहिली दोन-तीन वर्षं मी ते येता-जाता वाचून घ्यायची. गावाच्या हॉलमध्ये असाच दुसरा एक फलक आहे, महायुद्धात गेलेल्या पोरांचा. ग्लेनिस म्हणायची, "दोन्ही याद्या मी नीट वाचल्यात. दोन्हींतलं कोणी परत आलेलं नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मिहिर आता मेलबर्नला आहे, वर्षातून चार दिवस येतो, त्यातले दोन झोपून काढतो.

गावाची तऱ्हाच तशी. पोर शहरात गेलं की कौतुक, आणि राहिलं की 'बिचारा, काही जमलं नाही वाटतं.' मग तोच गाव हॉलमध्ये सभा भरवतो आणि विचारतो की दवाखान्यात नर्स का टिकत नाहीत, वीजवाला तीन-तीन आठवडे का येत नाही, दातांचा डॉक्टर महिन्यातून एकदाच का. अशाच एका सभेत ग्लेनिस उठली आणि म्हणाली, "तुम्हीच हाकललीत, आता तुम्हीच शोधताय." एवढंच बोलली आणि खाली बसली. पण बऱ्याच नाकांना मिरच्या झोंबल्या, आणि पुढे त्या कामी आल्या.

शाळेने तिला एक खोली दिली होती. पूर्वी तिथे पाकक्रियेच्या वर्गाची पातेली ठेवत. आत गुळगुळीत माहितीपत्रकांचा एक स्टँड होता, त्यांवर हसरी मुलं होती, आणि त्या खोलीत वर्षभरात कोणी फिरकत नसे. तिचं खरं ऑफिस म्हणजे ड्रायव्हरच्या मागचं पहिलं सीट. इथली माणसं महत्त्वाचं काही समोरासमोर बोलत नाहीत. लग्न मोडलंय, कर्करोग निघालाय, जमीन विकायला काढलीय, हे सगळं ती गाडीत शेजारी बसून, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत सांगतात. घरात टेबलाशी बसवून विचाराल तर 'बरं चाललंय' एवढंच मिळेल. पोरंही यांचीच. ज्याला काही विचारायचं असेल तो मागची मस्ती सोडून मुकाट्याने पहिल्या सीटवर येऊन बसायचा आणि ग्लेनिसच्या मानेशी बोलायचा. पन्नास मिनिटांचा रस्ता. ती वळायची नाही, फार तर आरशात बघायची. आणि तिथे जाऊन बसलेल्याला बसमध्ये कोणी चिडवायचं नाही, हा न लिहिलेला नियम होता.

तिच्याजवळ एक निळी वही असायची. तिच्यात गावातलं कोण कधी थकणार हे लिहिलेलं होतं. 'वीजवाला रॉन, वय त्रेसष्ट, गुडघे गेले, हाताखाली कोणी नाही.' 'सायलोच्या कोठारावर धान्य तपासणारी मार्गो, अजून चार वर्षं.' प्रत्येक नावाखाली तो धंदा शिकायला काय लागतं, कुठे शिकवतात, आठवड्यातून किती दिवस, आणि हॉर्शमला जायला मंगळवारी कोणाच्या गाडीत जागा आहे, हेसुद्धा. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. हॉर्शम ऐंशी किलोमीटर, बस नाही, आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स नाही. माहितीपत्रकांवरच्या हसऱ्या मुलांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही. रॉनला वहीतलं आपलं वय आणि गुडघे कळले तेव्हा तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर त्याने तिने पाठवलेला मुलगा हाताखाली घेतला.

त्या वहीत मीही होते. 'शू, वय पन्नास, मुलगा दुकान घेणार नाही.' ते वाचायच्या आधी एकदा मी तिच्यापाशी रडगाणं गायले होते की काउंटरवर उभं राहायला माणूस मिळत नाही. तिने विचारलं, जाहिरात कुठे देतेस. मी म्हटलं, मेलबर्नला. दुकानात इंडिकेटर नव्हता, म्हणून तिने हातातली पिशवी काउंटरवर ठेवली.

"शू, शाळा इथून चारशे पावलांवर आहे. मी मोजलीत. तेरा वर्षं तू तीनशे किलोमीटरवर हाका मारतेयस. चारशे पावलं चालून कधी विचारलंस?"

मी काहीतरी बोलले, की इथल्या मुलांना कुठे रस असतो.

"विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. पुढच्या आठवड्यात तिने एक मुलगी पाठवली. आज माझं अर्धं दुकान तीच चालवते, आणि मी तेरा वर्षं काय केलं हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता 'सुगी' या शब्दाकडे येते. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे सुगी. गहू, जव, मसूर, हरभरा, सगळं एकदम तयार होतं, आणि दीड महिना माणूस हार्वेस्टरवरून खाली उतरत नाही. त्या काळात कशाबद्दलही विचारा, उत्तर एकच, 'सुगीनंतर बघू.' दुखरा दात, गळकं छप्पर, साखरपुडा, मृत्युपत्र, सगळं सुगीनंतर. छपराचं ठीक आहे. पण मुलांच्या परीक्षा, प्रवेशाची पत्रं, नोकरीचे करार, या सगळ्यांच्या तारखा नेमक्या त्याच दीड महिन्यात येतात, कारण तारखा ठरवणाऱ्यांनी शेत पाहिलेलं नसतं. सुगी संपते तोवर नाताळ येतो, नाताळानंतर कोणी जागेवर नसतं, आणि मग वरातीमागून घोडं. यात गंमत अशी की इथे कोणी 'नाही' म्हणत नाही. नाही म्हटलं तर भांडता तरी येतं. 'सुगीनंतर बघू' म्हणणाऱ्याशी भांडणार कसं, तो तर हो म्हणाल्यासारखाच दिसतो.

ग्लेनिसची स्वतःची गोष्ट तिने मला हॉर्शमच्या रस्त्यावर सांगितली, अर्थात समोर बघत. अठरा वर्षांची असताना तिला बॅलरॅट शहरातल्या कॉलेजातून पत्र आलं होतं, शिक्षिका होण्यासाठी जागा मिळाल्याचं. वडिलांनी वाचलं, खूश झाले, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवलं. सुगीनंतर बघू म्हणाले. तीन जानेवारीला पत्र खाली आलं, तेव्हा हो कळवायची तारीख उलटून बारा दिवस झाले होते.

"वडील वाईट नव्हते, शू," ती म्हणाली. "वाईट असते तर मी पळून गेले असते."

टेगन ऑल्टमन ही वेन ऑल्टमन या शेतकऱ्याची मुलगी. बारावीला होती. आई क्वीन्सलंडला दुसऱ्या संसारात, घरी बाप-लेक दोघंच. शनिवार-रविवार ती आमच्या दवाखान्यातल्या वृद्धांच्या विभागात चहा-जेवण द्यायला जायची आणि तिथेच तिचं मन बसलं. दहावीत असतानाच पहिल्या सीटवर येऊन तिने ग्लेनिसला सांगितलं, मला नर्स व्हायचंय, आणि इथेच व्हायचंय. शहरात जाऊन नाही. म्हातारी माणसं आवडतात, म्हणाली, ती उगाच खोटं बोलत नाहीत.

'इथेच' म्हणणाऱ्या मुलीसाठी इथे काही नव्हतं. मग ग्लेनिस दोन वर्षं दवाखान्याच्या मंडळाच्या मागे लागली. पत्रं, फोन, बैठका, आणि मंडळाच्या अध्यक्षांना किराणा दुकानात गाठणं. शेवटी दोन जागा निघाल्या. आठवड्याचे तीन दिवस दवाखान्यात पगारी काम, दोन दिवस हॉर्शमला अभ्यास, दोन वर्षांत नर्सिंगचा डिप्लोमा. एका जागेवर एक मुलगा लागला. दुसरी टेगनची. मुलगी सतरा वर्षांची, म्हणून करारावर बापाची सही हवी, तीही साक्षीदारासमोर, कागदावर. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कागद दवाखान्यात आला नाही तर जागा हॉर्शमला जाणार. जागा एकदा गेली की परत येत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमची बँक अशीच गेली.

तो कागद ऑल्टमनांच्या स्वयंपाकघरात एकोणीस दिवस पडून होता. टेगनने चार वेळा विचारलं. ग्लेनिसने दोनदा फोन केला. वेन भला माणूस, कोणाला वाकडा शब्द बोलणार नाही. प्रत्येक वेळी तेच म्हणाला. आणि परीक्षा संपल्यापासून टेगन त्याच्याच शेतात होती. हार्वेस्टरच्या बाजूने धान्याची गाडी ओढणारा ट्रॅक्टर ती रोज बारा तास चालवत होती. म्हणजे ज्या सुगीमुळे तिचा कागद अडला होता, ती सुगी तीच उरकून देत होती.

शुक्रवारी सव्वातीनला ग्लेनिस माझ्या दुकानात आली, दवाखान्यातून त्या कराराची दुसरी कोरी प्रत घेऊन. इथे औषधवाल्याची सही साक्षीला चालते.

"शिक्का घे आणि चल," म्हणाली.

मी विचारलं, कुठे. तोवर ती बाहेर गेली होती. दुकान काउंटरवरच्या मुलीवर टाकून मी निघाले. बसमध्ये अकरा पोरं होती आणि उकाडा असा की सीटला हात लावता येत नव्हता. उत्तरेकडून वारा सुटला होता, दूरवर ढगांची कड दिसत होती. शनिवारी पाऊस सांगितला होता, आणि शेतात उभ्या मसुरीवर पाऊस पडला की तिचा रंग जातो, मग तिला कुत्रं विचारत नाही. त्यामुळे जो तो त्या दिवशी जिवाच्या आकांताने कापणी करत होता. ग्लेनिसची मान लाल झाली होती.

ऑल्टमनांच्या शेताचं फाटक वाटेवरच आहे. आतून मसुरीने भरलेला ट्रक फाटकाकडे येत होता. वेनचा शेजारी, म्हातारा मर्व, तो सायलोवर घेऊन निघाला होता. ग्लेनिसने इंडिकेटर दिला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेतात बस घालायचा प्रश्नच नव्हता, वाळल्या काडात तापलेलं इंजिन नेणाऱ्याला इथे आयुष्यभर माफी नाही. तिने रस्त्याच्या खडीवरच, फाटकासमोर बस आडवी लावली. हँडब्रेक ओढला. किल्ली काढून खिशात टाकली.

मर्वने हॉर्न वाजवला. ग्लेनिसने खिडकी सरकवून त्याला सांगितलं की इंजिन बंद कर, उगाच डिझेल जाळू नकोस.

ट्रक बाहेर जाईना. टेगनची गाडी भरलेली, ती ट्रकमागे येऊन उभी राहिली. हार्वेस्टरची टाकी भरली आणि रिकामी करायला जागा उरली नाही. आठ-दहा मिनिटांत सगळं ठप्प झालं. मग हार्वेस्टरचा आवाजही थांबला, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्या शेतात शांतता झाली. वेन काडातून चालत येताना दिसला. टोपी हातात, तोंड धुळीने तपकिरी झालेलं.

"ग्लेनिस, बस काढ."

"सही कर."

"उद्या पाऊस आहे. माझं निम्मं शेत उभं आहे. मी म्हटलंय ना, सुगी..."

"सुगी थांबलीय, वेन. वळून बघ. काहीच हलत नाहीये." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मला भीती वाटत होती. "म्हणजे आता सुगीनंतरच झालं. आता बघ."

वेनने माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. चारचौघांत असं कोणी कोणाला बोलत नाही इथे. मला वाटलं, हा आता पाठ फिरवून जाणार. ग्लेनिसलाही तसंच वाटलं असावं.

"वर ये," ती म्हणाली. "बस."

तो चढला आणि पहिल्या सीटवर बसला. गुडघे समोरच्या दांड्याला टेकत होते. ग्लेनिस त्याच्याकडे पाठ करून आपल्या जागेवर बसली आणि समोरच्या काचेतून बघायला लागली. मी त्यांच्या बाजूला उभी होते, हातात शिक्का आणि ती प्रत.

"याच सीटवर बसायचास तू. सोळा वर्षांचा होतास. मला काय सांगितलं होतंस?"

"आठवत नाही."

"मला आठवतंय. हवामानखातं. तीन दिवस ओळीने येऊन बसलास तेव्हा तोंडातून निघालं. फॉर्म मी आणून दिला होता. तुझ्या बापाने तो ट्रकमध्ये उन्हाच्या झडपेला खोचला होता. मी पाहिला होता तिथे. मार्चपर्यंत होता."

वेनने टोपीवरची धूळ झटकली. मागे अकरा पोरं पुढे वाकून ऐकत होती.

"ढग बघून सांगायचास, उद्या किती वाजता पाऊस. आणि बरोबर यायचं."

मग वेन म्हणाला, "अजूनही येतं."

"मग सांग. उद्या किती वाजता?"

त्याने खिडकीतून उत्तरेकडे पाहिलं. "दोन. दोनच्या आत नाही."

"मग सहीला वेळ आहे."

तो हसला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून काचेकडेच बघत म्हणाला, "मला वाटायचं, ती तरी बाहेर पडेल. इथे राहिली तर माझ्यासारखीच..."

"तिला बाहेर पडायचं नाहीये. तिला इथे काहीतरी व्हायचंय. तुला कोणी इथे काही होऊ दिलं नाही म्हणून तुला ते कळत नाही. मलाही कळलं नसतं."

त्याने हात मागे केला, माझ्याकडे न बघता. मी कागद आणि पेन दिलं. सही केली तिथे त्याच्या अंगठ्याचा धुळीचा ठसा उमटला. मी माझी सही केली, शिक्का मारला. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. ग्लेनिस पोरांना सोडून परत यायची तर पाच वाजून जाणार. म्हणून कागद मर्वच्या हातात गेला, कारण सायलोचा रस्ता दवाखान्यावरूनच जातो. टेगनच्या आयुष्याचा कागद मसुरीच्या ट्रकमधून गावात गेला आणि पाचला वीस कमी असताना पोचला. ती स्वतः ट्रॅक्टरवरून उतरली नव्हती. बापाने तिला हाताने काहीतरी खूण केली, तिने एकदा तोंड पुसलं आणि गाडी रिकामी करायला वळवली.

शनिवारी दुपारी दोनला दहा कमी असताना पाऊस आला. तोवर वेनचं शेत उरकलं होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सोमवारी शाळेत तक्रार आली. बस सव्वीस मिनिटं उशिरा पोचली, एका मुलीचा पोहण्याचा वर्ग बुडाला, मुलांना उन्हात अडकवून ठेवलं, धान्याची वाहतूक अडवली. तक्रार वेनची नव्हती, मर्वचीही नव्हती. त्या सभेत मिरच्या झोंबलेल्यांपैकीच एका नाकाची होती. मग वरच्या कार्यालयातून पत्र आलं की शाळा समितीने योग्य ती कारवाई करावी.

समितीत आम्ही सात जण, आणि त्यात मी होते. मुख्याध्यापक ट्रेंट हॅलोरन जीलाँग शहरातला, दोन वर्षांपूर्वी आलेला, गोड बोलणारा माणूस. त्याने नियम वाचून दाखवले, विम्याचं सांगितलं, मुलांच्या सुरक्षेचं सांगितलं. चौकशी होईपर्यंत ग्लेनिसने बस चालवू नये आणि मुलांना सल्ला द्यायचा तो एक दिवसही बघू नये, असं पत्र तयारच होतं. ज्यांनी एकोणीस दिवस कागद अडवला, ज्यांनी तीस वर्षं अडवले, त्यांचं कोणी नाव घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी विचारलं, चौकशी कधी होणार. ट्रेंट म्हणाला, आता सगळे कामात आहेत, सुगीनंतर बघू.

कोणीही हसलं नाही. कोणाला काही वावगं वाटलंच नाही. आणि मी काय केलं? कागद फिरत फिरत माझ्याकडे आला, आधीच पाच सह्या झाल्या होत्या, दुकान गावावर चालतं, मी इथली नवीनच, असं सगळं मनात आलं, आणि मी सही केली. दहा दिवसांपूर्वी ज्या पेनने साक्ष घातली होती तेच पेन. या गावावर मी इतकी चिडते, पण त्या कागदावरची सहावी सही माझी आहे. ती काही केल्या पुसली जात नाही.

सुगीनंतर चौकशी झाली नाही. मग ती पेरणीनंतरवर ढकलली. एप्रिलमध्ये ग्लेनिसने राजीनामा दिला. मग गावाला एकदम तिचं प्रेम आलं. हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला, सॉसेज रोल, केक, भाषणं. ट्रेंटने तिला 'आपल्या गावाचा ठेवा' म्हटलं आणि एक मोठं लाकडी घड्याळ दिलं. ग्लेनिसने ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटं केलं आणि त्याची मागची बाजू नीट बघितली. लोकांना वाटलं, कंपनीचं नाव बघतेय. ते हसले. त्या हॉलमध्ये ती काय शोधत होती ते मला एकटीला कळलं, आणि मी केकची बशी खाली ठेवून बाहेर गेले.

ती माझ्या मागोमाग आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने पिशवीतून निळी वही काढून माझ्या हातात कोंबली.

"सही चांगली करतेस," म्हणाली. "आता जरा लिहून बघ."

याला चार वर्षं झाली. तिचा तो एक दिवस कोणाला दिलेलाच नाही. पातेल्यांच्या खोलीत आता फोटोकॉपीचं मशीन आहे. चार नंबरच्या बसवर एक तरणाबांड ड्रायव्हर आहे, रेडिओ लावतो, आणि त्याच्या डोक्यामागे पाटी आहे, 'चालकाशी बोलू नये.' पहिल्या सीटवर दप्तरं ठेवतात. फलकावर मात्र दरवर्षी सोनेरी रंग चढतो, त्याला कधी सुगी आड येत नाही. टेगनचं नाव तिथे नाही. ती रात्रंदिवस गावाची म्हातारी माणसं सांभाळते, गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला तेव्हा सलाइन तिनेच लावलं, पण ती कुठे गेलेली नसल्यामुळे फलकाच्या लेखी ती कोणीच नाही. वही मी चालू ठेवलीय. रॉनच्या नावावर रेघ मारली, खाली त्याच्या हाताखालच्या मुलाचं नाव लिहिलं. पण बस चालवता येत नाही मला, आणि औषधाच्या काउंटरवर पोरं समोर उभी राहतात, त्यामुळे 'बरं चाललंय' याच्यापुढे जात नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात हॉर्शमला एक बैठक होती. ट्रेंटची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून परत येताना तो माझ्या शेजारी बसला. दोन्हीकडे कापणी चालली होती, धुळीने सूर्य मळकट दिसत होता. मी समोर बघत त्याला सगळं सांगितलं. की शाळेत बारा मुलं अशी आहेत ज्यांना इथेच राहायचंय आणि कोणी विचारत नाही. की सायलोवरची मार्गो फेब्रुवारीत सोडतेय. की तो एक दिवस परत सुरू कर, माणूस मी शोधते, वही माझ्याकडे आहे, या तुझ्या समोरच्या खणात. या महिन्यात अर्ज केला तरच पुढच्या वर्षी मिळेल, तारीख तीस.

तो मान हलवत होता. त्याच्याकडे एक वाफासुद्धा नाही, त्याने आयुष्यात कोथिंबीर पेरलेली नाही.

"कल्पना चांगली आहे, शू," तो म्हणाला. "सुगीनंतर बघू."

पुढे ना फाटक होतं, ना थांबा. मी डावा इंडिकेटर दिला.